दोन हिरव्या, मधे तांबडी

मी, ऋत्विक हरिश्चंद्र मेस्त्री, वय वर्षे चोवीस, काम कुरिअरची पार्सलं पोचवणे, राहणार खालची वाडी, मिऱ्या, तालुका जिल्हा रत्नागिरी, आज रविवारी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो, की माझं डोकं ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही, पोटात दारू नाही, आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. (या शेवटच्या शब्दांखाली कागदपत्रं लिहिणाऱ्या काशीराम मुनशींनी पेन्सिलीनं रेघ ओढून प्रश्नचिन्ह काढलं आहे. ते खोडू नये.)

उद्या सोमवारी दुपारच्या भरतीला मी हर्षद शिवलकर यांच्या 'यमुनामाई' या मच्छीमार बोटीवरून समुद्रात जाणार आहे. परत आलो तर मुनशींनी हा लिफाफा न फोडता माझ्या हातात द्यावा, मी फाडून टाकीन. बुधवारी दिवे लागेपर्यंत आलो नाही तर फोडावा आणि माझ्या आईच्या देखत मोठ्यानं वाचावा. वडिलांना मुंबईला फोन करावा, पण त्यांच्यासाठी थांबू नये. ते गणपतीलाच येतात.

१. घर. घर आजोबांनी बांधलं, घरपट्टी वडिलांच्या नावावर येते. वडील हयात असताना माझा हिस्सा किती, हे मुनशींना विचारलं, तर म्हणाले, आहे तेवढा लिही, नसेल तेवढा कोर्ट काढून टाकेल. म्हणून जो काही निघेल तो आईला. मागच्या पडवीची कौलं मी पावसाआधी बसवायची होती, ती राहिली, आईनं बादली ठेवून भागवलं. त्याची माफी मागतो. तोंडावर मागितली असती तर म्हणाली असती, माफी नको, कौलं बसव.

२. मोटारसायकल. ही बहिणीला, मृणालीला. तिच्या नवऱ्याला नव्हे. ती लांज्याला काजूच्या कारखान्यात जाते आणि रोज एसटीची वाट बघत उभी असते. गाडी तिला चालवता येते, मी शिकवली आहे, सासरी सांगितलेलं नाही, आता कळेल. काल राखी होती. मी गेलो नाही, तोंड दाखवायची सोय नव्हती. तिनं राखी ठेवून दिली आहे आणि गुरुवारी जेवायला येतो असं मी कबूल केलं आहे. हे मुद्दाम लिहितो. पुढं कोणी म्हणेल की पोराचं प्रेमात डोकं फिरलं, जिवावर उदार झाला. जीव द्यायला निघालेला माणूस गुरुवारचं जेवण सांगून ठेवत नाही. मला सुरमई करायला सांगितली आहे.

३. खराद. लाकूड गोल कातायची ही खराद माझे आजोबा धाकू मेस्त्री यांची. दोरीवर चालते. एकानं दोरी ओढायची, दुसऱ्यानं पटाशी धरायची. आजोबा पटाशी धरत, सखूआजी दोरी ओढे. त्यांनी पाळण्याचे खुंट कातले, लाटणी कातली, पोरांची खेळणी कातली. वाडीत पोह्याचे पापड लाटायला मे महिन्यात बायका एकेका घरी जमतात, जी ती आपापलं लाटणं घेऊन येते. लाटणी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आजोबा फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून रंगीत रेघा ओढत. दर घराची रेघ वेगळी. भाटकरांच्या तीन पिवळ्या. आमची एकच काळी. शिवलकरांच्या दोन हिरव्या, मधे तांबडी. पाळण्यावर तीच, पोळपाटावर तीच. वाडीतल्या कुठल्याही बाईला अंधारात लाटणं दाखवा, घर सांगेल.

ही खराद कोणाला द्यावी ते मला कळलेलं नाही. जो दोरी ओढायला माणूस घेऊन येईल त्याला द्यावी.

४. ट्रंक. या कलमात मला नीट लिहायचं आहे, कारण सगळं इथूनच झालं.

आजोबा गेल्यावर माळ्यावरची त्यांची पत्र्याची ट्रंक मी उघडली. आत धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेल्या सतरा वस्तू होत्या. चौदा लाकडाच्या, तीन म्हशीच्या शिंगाच्या. पुरुषाच्या अवयवाच्या आकाराच्या, इतक्या गुळगुळीत कातलेल्या की हातातून सुटाव्यात. पहिल्यांदा मी हसलो. मग आईला विचारलं. आई म्हणाली, ठेव ती परत. तासाभरानं भांडी घासता घासता तिनं आपण होऊन सांगितलं.

इथले पुरुष बोटीवर जायचे. मोठ्या बोटीवर, परदेशी. वर्ष, दीड वर्ष. मागं राहिलेली बाई सखूआजीकडे यायची, लाटणं दुरुस्तीला म्हणून. लाटण्याला पांढरा दोरा बांधलेला असला की आजी समजायची. शब्द बोलायचा नाही. आठ दिवसांनी लाटणं परत जायचं, सोबत फडक्यात दुसरी वस्तू. आणि नियम एकच होता. गरज संपली की वस्तू आजीकडे परत द्यायची, आजोबा ती चुलीत घालणार. बायका या भरवशावर घेऊन जायच्या.

आजोबांनी एकही जाळली नाही. कारागिराला आपलं काम जाळवत नाही, एवढंच मला सुचतं. आणि दुसरी चूक त्यांनी सवयीनं केली. लाकूड फिरत होतं, लाख हाताशी होती, त्यांनी या वस्तूंवरही त्या त्या घराच्या रेघा ओढल्या. मला वाटलं, नक्षी आहे.

मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकत होतो, दुसऱ्या वर्षाला. प्रकल्प करायचा होता. मी हाच विषय घेतला आणि माझ्याबरोबर योगिनी शिवलकर होती. अख्ख्या वर्गात न हसलेली ती एकटी. आम्ही दोघांनी मिळून वही भरली, पण आईच्या धाकानं ट्रंक मी तिला कधी उघडून दाखवली नाही. परदेशातल्या एका गुहेत सापडलेला घासून गुळगुळीत केलेला दगड, तो हजारो वर्षांपूर्वीचा याच कामाचा असावा असं तज्ज्ञ म्हणतात. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी तर सोनं, चांदी, तांबं, हस्तिदंत, शिंग, लाकूड अशी यादी देऊन ठेवली आहे, न लाजता. जपानात कासवाच्या कवचाच्या करत. विजेवर चालणारं यंत्र निघालं तेव्हा ते अंगदुखीवरचं म्हणून पेपरात जाहिरातीत येई. आणि आता साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येतं, वर 'मसाजर' लिहिलेलं. अशी खोकी मी पालीपासून गणपतीपुळ्यापर्यंत पोचवली आहेत. कुठल्या घरी, ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही, इथंही लिहिणार नाही. सखूआजीचंच काम मी करत होतो, मोटारसायकलवरून.

योगिनी एकदा म्हणाली, "बोटीवर गेलेल्यांचा इतिहास आहे रे. वाट बघत बसलेल्यांचा कुठं आहे? तो हा आहे." त्या दिवसापासून मी कामातून गेलो. त्याआधीही गेलो होतो, पण त्या दिवसापासून लपवता येईना.

५. सरांना. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर सरांनी लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, मेस्त्री, सुताराच्या पोरानं सुतारकीचं लिहावं. मी त्यांची कॉलर धरली. दुसऱ्या दिवशी माफी मागायला बोलावलं, मी गेलो नाही, परत कधीच गेलो नाही. कॉलर धरल्याचं वाईट वाटत नाही. सुतारकीचंच लिहिलं होतं, हे तेव्हा सुचलं नाही याचं वाटतं. तो प्रकल्प त्यांच्या रेघेसकट सरांना पोस्टानं पाठवावा. (इथं मी एक शब्द लिहिला होता. मुनशी म्हणाले, शिवी मृत्युपत्रात चालत नाही, सही अवैध होत नसली तरी शोभत नाही. खोडला आहे.)

६. फोन. फोन कोणालाही देऊ नये, फोडून टाकावा. कॉलेज सुटल्यावर, दाखवतोच आता म्हणून, या वर्षी मे महिन्यात मी त्यावरून एक फोटो टाकला. सतरातली सर्वांत देखणी वस्तू, शिसवी लाकडाची, दोन हिरव्या रेघा, मधे तांबडी. खाली लिहिलं, अशा सतरा आमच्या घरात आहेत, हा कोकणचा झाकलेला इतिहास. मला खरोखर रेघ ओळखता आली नाही. पुरुषांना लाटण्याची रेघ कुठं ठाऊक असते. योगिनीला दाखवून टाकला असता तर तिनं क्षणात ओळखली असती. पण तेव्हा तिला लांज्याचं स्थळ आलं होतं, मुलगा बोटीवर अधिकारी, आणि मी रागानं आठ दिवस तिच्याशी बोललो नव्हतो.

त्याच दुपारी शिवलकरांच्या पडवीत पापड लाटणं चाललं होतं. कोणाच्या तरी फोनवर फोटो आला आणि हातोहात फिरला. बायका आधी हसल्या. मग एकीनं फोटोकडं बघितलं आणि योगिनीच्या आईच्या हातातल्या लाटण्याकडं बघितलं. सांगणारी म्हणाली, एकेक बाई पीठ झटकत उठली. त्या घरात वाट बघणारी बाई एकच होती. योगिनीची आजी, यमुनाबाई. वय चौऱ्याऐंशी. पडवीतच बसली होती.

आठवड्यात लांज्याचं स्थळ मोडलं. लोक म्हणतात, ते मोडावं म्हणूनच मी फोटो टाकला. मी या कागदावर देवाला स्मरून लिहितो की नाही. स्थळ मोडल्यावर मला आनंद झाला, हेही स्मरूनच लिहितो. तो आनंद मला आयुष्यभर पुरेल इतका महाग पडला आहे. योगिनी मला फक्त एकदा भेटली, बसस्टॉपवर. म्हणाली, "मला विचारायचं होतंस." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

७. उद्याचं. योगिनीचा भाऊ हर्षद तेव्हा आमच्या दारात येऊन ओरडून गेला. ओरडला तेव्हा मला भीती वाटली नाही. मग जून लागला, मासेमारीला बंदी, बोटी किनाऱ्यावर. दोन महिने तो एक शब्द बोलला नाही. रोज बोटीला रंग देताना दिसायचा. बोटीवर मोठ्या अक्षरांत आजीचं नाव, ते त्यानं तीनदा रंगवलं.

परवा शुक्रवारी, नारळी पौर्णिमेचा नारळ सोडून झाल्यावर त्यानं मला धक्क्यावर बोलावलं, चहा पाजला, बशी स्वतः पुढं केली.

"सतरा हायत ना?"

मी हो म्हटलं.

"मोजून आण. लांब नेतो तुला, पंधरा वाव खोल पाण्यात. तुज्या हातानं टाकायच्या. मग तुजा नि आमचा संपला."

मी विचारलं, योगिनीचं काय. दोन महिन्यांत तो पहिल्यांदा हसला.

"आधी जाऊन तर येऊ."

बोटीवर तो स्वतः आणि तीन खलाशी. जुने खलाशी या वर्षी त्यानं घेतले नाहीत. हे तिघे नवे आहेत, त्यांना मराठी येत नाही. लाइफ जॅकेट आणू का विचारलं तर म्हणाला, बोटीवर आहेत. मी जाऊन बघितली. चार आहेत. आम्ही पाच.

मुनशी म्हणतात, पोलिसांत जा. काय सांगू? विचारतील, कशावरून भांडण. मग तिथला हवालदार एका म्हातारीचं नाव आणि तिची वस्तू वहीत लिहून घेणार, वाचून दाखवणार, सही घेणार. एकदा मी तिला चारचौघांत आणली, दुसऱ्यांदा आणणार नाही. आणि न गेलो तर तो ट्रंकेसाठी घरी येईल. घरी आई एकटी असते.

शिवाय एका बाबतीत हर्षद बरोबर आहे. त्या वस्तू आमच्या नाहीत. जाळू म्हणून घेतल्या होत्या. त्यांचा शेवट आमच्याच घरातल्या कोणीतरी करायला हवा. सोळांवरच्या रेघा मी पटाशीनं खरवडून टाकल्या आहेत. शिंगाच्यांवर लाख धरत नाही, तिथं खाचा होत्या, त्या घासल्या. आता त्या कोणाच्याही नाहीत.

८. सतरावी. ती माझ्या मालमत्तेत धरू नये. ती ज्यांची त्यांना काल सकाळी परत केली.

मी मागच्या दारानं यमुनाबाईंच्या पायावर डोकं ठेवायला गेलो होतो. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवलं नाही. मी म्हटलं, आजी, सगळ्या समुद्रात टाकतो, तुमचीही. तेव्हा त्यांनी हात थांबवला.

"ती नको टाकू. तितं आदीच एक गेलाय."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. नवरा बोटीवर होता, त्या तेवीस वर्षांच्या. चौदा महिने झाले होते. तार आली, बोटीवरून पडला, सापडला नाही. तेराव्या दिवशी त्यांनी वस्तू फडक्यात बांधून सखूआजीकडे परत पाठवली.

"लोकांना काय वाटतां, माजी व्हती ती? त्याच्या वाटची व्हती. तो येनार व्हता म्हनून व्हती. येनारच नाय म्हटल्यावर ठेवून काय करू?"

मी रडलो. त्या म्हणाल्या, रडतोस काय मेल्या, आण ती इकडं. आणून दिली. त्या जातील तेव्हा ती त्यांच्याबरोबरच चितेवर जावी अशी त्यांची इच्छा आहे आणि ती कोणी मोडू नये.

हर्षदला त्यांनी दोनदा समजावलं. तो म्हणाला, तू गप बस आजी, तुज्यासाठीच चाललंय.

म्हणजे सोळाच राहिल्या, आणि तो मोजणार. म्हणून काल दुपारी सतरावी मी स्वतः कातली, आयुष्यातली पहिली. दोरी ओढायला आई बसली. काय काततोयस हे तिनं विचारलं नाही. आकार जमला. लाकूडही शिसवीच मिळालं. रेघाही ओढल्या, दोन हिरव्या, मधे तांबडी. पण तांबडी जरा वाकडी गेली आहे. परक्याच्या लक्षात येणार नाही. हर्षदनं ती रेघ जन्मल्यापासून पाळण्यावर बघितली आहे.

९. वही. ही योगिनीला. तिच्यातली, फोटोनंतर रेघांवरून मी लावलेली घरांची नावं असलेली पानं मी फाडून चुलीत घातली, बाकी सगळं शाबूत आहे. गुहेतला दगड आहे, शास्त्रकारांची यादी आहे, पांढऱ्या दोऱ्याची गोष्ट आहे. शेवटची वीस पानं कोरी आहेत. तिनं ती भरावीत. नाव तिचं एकटीचं घालावं. मला तिच्याकडून उत्तर नको. एवढंच कळावं की या वेळी मी विचारतो आहे. योगिनी, लिहिशील?

१०. माझी माहिती. मला पोहता येतं. भाट्याची खाडी भरतीच्या वेळी या काठावरून त्या काठाला मी दोनदा गेलो आहे, बघणारे जिवंत आहेत. मला फिट येत नाही. बोट लागत नाही. दारू मी पीत नाही, उद्याही पिणार नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. जाळ्यात पाय अडकण्याइतका मी नवखा नाही. कोणी येऊन सांगेल की पाय घसरला आणि पोरगा दिसेनासा झाला, तर सांगणाऱ्याला बसवून घ्यावं, पाणी द्यावं आणि हे कलम पुन्हा एकदा वाचून दाखवावं.

यमुनाबाईंचं नाव मी या कागदात त्यांच्या सांगण्यावरून घातलं आहे. मी ते गाळलं होतं. त्या म्हणाल्या, मेलेल्या बायकांची घालू नको, माझं घाल, मी जिवंत आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये, वाद होतो, असं मुनशी म्हणाले. यमुनाबाई दुसऱ्या साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना मी काही ठेवलेलं नाही. त्यांचं होतं ते आधीच परत गेलं आहे.

हे सगळं मी लिहिलं, वाचलं, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत, त्यांच्या डोळ्यांसमोर सही केली.

(सही) ऋत्विक हरिश्चंद्र मेस्त्री
मिऱ्या, रत्नागिरी
रविवार, दिनांक १० ऑगस्ट २०२५

साक्षीदार पहिला: काशीराम मुनशी, कागदपत्र लिहिणार, वय ६१. लिहून देणारानं माझ्यासमोर सही केली. शुद्धीत आहे. उद्या जाऊ नको असं मी त्याला तीन वेळा सांगितलं, हेही इथं नोंदवतो.

साक्षीदार दुसरी: यमुनाबाई शिवलकर, वय ८४, डाव्या हाताचा अंगठा. पुढील मजकूर तिनं सांगितला तसा काशीराम मुनशींनी लिहिला, वाचून दाखवला, बरोबर आहे म्हणाली:

"दोन हिरव्या, मदे तांबडी, ती माजी. मला लाज नाय. माज्या नावाच्या बोटीवरनं ह्यो पोर उद्या जातोय. ह्याला पोवायला येतां. माज्या हर्षदानंच शिकवला त्याला, सात वर्साचा व्हता तवा, पोटाखाली हात धरून. मी धक्क्यावर बसून बघीत व्हते."